श्वासाचा हिशेब मांडणारा योगी

मित्रांनो, सबमिशन संपलं, शेवटच्या जर्नलवर सही झाली, की आपल्या होस्टेलची पावलं कुठे वळतात हे सांगायला नको. नरसोबाची वाडी! महाराजांचं दर्शन घ्यायचं, पेढे आणि कवठाची बर्फी बांधून घ्यायची आणि मग घाटाच्या पायऱ्यांवर पाय सोडून निवांत बसायचं. समोर कृष्णा आणि पंचगंगा एकमेकींना भेटताहेत. पावसाळ्यात हेच पाणी चढत चढत देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नानाला गावोगावची माणसं लोटतात. पाणी ओसरलं की घाट पुन्हा पोरांचा होतो. कुणी सूर मारतो, कुणी मुटका मारतो आणि हटकून एक शर्यत लागतेच : पाण्याखाली जास्त वेळ दम कोण धरतो?

या शर्यतीची तयारी कधी बघितली आहे का? बुडी मारण्याआधी गडी भराभर वीस-पंचवीस श्वास घेतात आणि सोडतात. हल्ली तर कपालभातीही करतात. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : ऑक्सिजन भरून घेतोय! टीव्हीवर पहाटे प्राणायाम बघणारे आपले काकाही हेच सांगतात. दीर्घ श्वास घ्या, शरीरात भरपूर ऑक्सिजन जातो.

खरंच जातो का? हे कुणी मोजून बघितलंय का?

बघितलंय. आणि मोजणारा माणूस साहेब नव्हता, आपलाच मराठी होता. शिवाय तो प्राणायामाचा टीकाकार नव्हता. प्राणायामावर ज्याने आयुष्य वाहिलं असा तो योगी होता. त्यांचं नाव स्वामी कुवलयानंद. लोणावळ्याला जाताना कैवल्यधामची पाटी आपण बसच्या खिडकीतून बघतो आणि विसरतो. त्या पाटीमागच्या माणसाची ही गोष्ट.

तालीम आणि कॉलेज

स्वामींचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३चा, बडोदे संस्थानातल्या डभोई गावी. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण ओढाताणीतच झालं. पण पोरगा हुशार. १९०३ साली मॅट्रिक झाला तो संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवूनच. त्या काळी ही शिष्यवृत्ती म्हणजे गावाने पेढे वाटावेत असा मान होता.

पुढे बडोदा कॉलेज. तिथे तेव्हा अरविंद घोष शिकवायला होते. पुढे ते श्रीअरविंद म्हणून जगाला माहीत झाले. एकीकडे त्यांचा प्रभाव, दुसरीकडे लोकमान्य टिळकांचं राजकारण. या वातावरणात जगन्नाथने ठरवून टाकलं, की लग्न करायचं नाही आणि आयुष्य देशाच्या कामाला द्यायचं.

पण स्वारी नुसती पुस्तकात रमणारी नव्हती. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे देशी व्यायामाचे धडे घेतले. आपल्या कोल्हापूरकडच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. तालमीत शिकलेला माणूस शरीराशी खोटं बोलत नाही. डाव लागला तर लागला, नाही तर नाही. हा तालमीचा रोखठोकपणा पुढे त्यांच्या संशोधनातही उतरला, असं मला वाटतं.

पदवी घेतल्यावर ते शिक्षक झाले. खानदेशात अंमळनेरला, जिथे पुढे साने गुरुजींनीही शिकवलं, त्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे १९२१ साली ते प्राचार्य झाले. राष्ट्रीय शिक्षण म्हणजे सरकारच्या डोळ्यांत सलणारी गोष्ट. १९२३ साली इंग्रज सरकारने ते कॉलेज बंद पाडलं. चाळिशीला आलेला हा माणूस, कॉलेज गेलं, पुढे काय?

नर्मदेकाठचा गुरू

पुढचं बीज आधीच पडलेलं होतं. १९१९ साली नर्मदेच्या काठी मालसरला त्यांना परमहंस माधवदासजी भेटले. मूळचे बंगालचे हे वृद्ध योगी तिथे आश्रम करून राहिले होते. त्यांच्याकडे गुण्यांनी योगाचं शिक्षण घेतलं. १९२१ साली माधवदासजी गेले, पण शिष्याच्या डोक्यात एक भुंगा सोडून गेले.

तो भुंगा असा. आसनं, बंध, प्राणायाम करताना शरीरात काहीतरी घडतं, हे तर अनुभवाला येतं. पण नक्की काय घडतं? जुने ग्रंथ नाड्या आणि वायूंच्या भाषेत बोलतात. डॉक्टर स्नायू, रक्त आणि दाबाच्या भाषेत बोलतात. दोघं एकमेकांना हसतात. यातलं खरं काय ते ठरवायला एकच रस्ता आहे, आणि तो आपल्याला प्रॅक्टिकलच्या पहिल्याच तासाला शिकवतात : मोजा!

आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण तो काळ आठवा. योग म्हणजे गुहेतली गुप्त विद्या, शिष्याने प्रश्न विचारायचे नाहीत, अशी समजूत. अशा काळात या गृहस्थाने बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन एक्स-रे यंत्रापुढे योगक्रिया करणारी माणसं उभी केली. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय होतं ते बघायला सुरुवात केली. दाब मोजायला मॅनोमीटर लावला. आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये धूळ खात पडलेला असतो, त्याच जातीचा!

नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो, असं त्यात दिसलं. योगी लोक पोटात पाणी ओढून घेतात ते कसं, याचं उत्तर मिळालं. त्यात चमत्कार कुठलाच नव्हता, दाबाचा फरक होता. स्वामींनी या निर्वात स्थितीला गुरूचं नाव दिलं आणि ती माधवदास व्हॅक्यूम म्हणून ओळखली जाऊ लागली. गुरुदक्षिणेची ही तऱ्हा मला फार आवडते.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

१९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झालं. नाव आश्रमाचं, पण त्यात प्रयोगशाळा पहिल्यापासून. त्याच वर्षी योगमीमांसा नावाचं इंग्रजी त्रैमासिक निघालं. त्यात शास्त्रीय, अर्धशास्त्रीय आणि लोकप्रिय असे वेगवेगळे विभाग होते. म्हणजे डॉक्टरने वाचायचं ते वेगळं, आणि घरी आसनं करणाऱ्या गृहस्थाने वाचायचं ते वेगळं. आकडे, आलेख, एक्स-रेचे फोटो, सगळं छापलेलं. कुणालाही तपासून बघता यावं म्हणून. हे नियतकालिक आजही निघतं.

आता आपल्या घाटावरच्या प्रश्नाकडे येऊ. प्राणायामात जास्त ऑक्सिजन मिळतो का?

स्वामींच्या मंडळींनी साधा श्वास, उज्जायी, भस्त्रिका अशा वेगवेगळ्या प्रकारांत सोडलेली हवा गोळा केली. तिचं पृथक्करण करून ऑक्सिजन किती वापरला गेला आणि कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडला याचा हिशेब मांडला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला योगमीमांसेत हे निष्कर्ष आले. आणि ते प्राणायामवाल्यांच्या सोयीचे नव्हते. मिनिटाच्या हिशेबाने बघितलं, तर प्राणायामात साध्या श्वसनापेक्षा जास्त ऑक्सिजन शरीरात जातो, ही समजूत टिकली नाही.

विचार करा. हा माणूस प्राणायामाचा प्रचारक, प्राणायामावर पुस्तक लिहिलेला, आश्रम देणग्यांवर चाललेला. ऑक्सिजनची गोष्ट लोकांना पटत होती, ती तशीच ठेवली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं, की प्राणायामाची किंमत ऑक्सिजनच्या लिटरमध्ये नाही. ती मज्जासंस्थेवरच्या परिणामात आहे, छाती-पोटातल्या दाबाच्या बदलात आहे, श्वासावर येणाऱ्या ताब्यात आहे.

यावर वादही झाले. येल विद्यापीठात शिकणारे कोवूर बेहनान हे केरळचे संशोधक लोणावळ्याला येऊन शिकून गेले. त्यांनी स्वतःवर केलेल्या मोजणीत उज्जायीत ऑक्सिजनचा खर्च उलट वाढलेला दिसला. १९३७ साली त्यांचं पुस्तक निघालं. पद्धत वेगळी, माणूस वेगळा, उत्तर वेगळं. आणि खर्च वाढणं म्हणजे साठा वाढणं नव्हे, श्वासाच्या कसरतीलाही इंधन लागतंच. पण शिष्याने वेगळा आकडा काढावा आणि तो जगापुढे यावा, हीच तर विज्ञानाची रीत.

मग दम कशावर अवलंबून?

ऑक्सिजन का वाढत नाही, याचं कारण सोपं आहे. निरोगी माणसाच्या धमन्यांतल्या रक्तात हिमोग्लोबिन साध्या श्वासातच साधारण ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. मेसचा डबा काठोकाठ भरला असताना वरून आमटी ओतून काय होणार?

मग भराभर श्वास घेऊन बुडी मारली, की जास्त वेळ खाली राहता येतं ते कसं? तिथेच खरी मेख आहे. १९०५ साली इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रिस्टली यांनी दाखवून दिलं, की श्वास घ्यायची ओढ मुख्यतः ठरवतो तो कार्बन डायऑक्साइड. ऑक्सिजन थोडा कमी झाला तर शरीर फारशी तक्रार करत नाही, पण कार्बन डायऑक्साइड जरासा वाढला की लगेच घुसमट होते. हे हाल्डेन म्हणजे अवलिया गृहस्थ. कोंदट हवेत काय होतं ते बघायला स्वतःच हवाबंद पेटीत बसले होते. पुढे ब्रिटिश आरमाराच्या पाणबुड्यांना खोलवर दम का लागतो, हेही त्यांनी शोधलं. हेल्मेटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठत होता. १९०८ साली त्यांनी पाण्यातून वर येण्याची टप्प्याटप्प्याची कोष्टकं दिली, आणि आजच्या डायव्हिंगचा पाया तिथे पडला.

म्हणजे घाटावरचा गडी ऑक्सिजन भरत नसतो. तो कार्बन डायऑक्साइड उडवून लावत असतो. टाकी तेवढीच, पण पेट्रोल संपत आल्याचा लाल दिवा मात्र काढून टाकलेला! पाण्याखाली त्याला घुसमट जाणवत नाही, गडी खूश असतो, आणि तेवढ्यात मेंदूला ऑक्सिजन कमी पडून शुद्ध जाते. हात मारणं नाही, ओरडणं नाही. पट्टीचे पोहणारेसुद्धा असेच जातात, तेही उथळ पाण्यात.

म्हणून कळकळीची विनंती : कपालभाती करून किंवा धापा टाकून कधीही बुडी मारू नका. कपालभातीची जागा सतरंजीवर आहे, घाटावर नाही.

टाकीतली हवा आणि स्वामींचा हिशेब

हल्ली आपली पोरं सुट्टीत मालवण-तारकर्लीला जातात आणि स्कूबा करून येतात. परत आल्यावर तक्रार एकच : टाकी इतक्यात कशी संपली? इथे थोडं गणित मांडू.

बारा लिटरची टाकी २०० बारला भरली, की त्यात साधारण २४०० लिटर हवा मावते. ५० बार म्हणजे ६०० लिटर राखीव ठेवायची. वापरायला उरली १८०० लिटर. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. २० मीटरवर एकूण दाब ३ वातावरण, म्हणजे प्रत्येक श्वासात तिप्पट हवा खर्च. घाबरलेला नवशिका वरच्या हिशेबाने मिनिटाला २५ लिटर ओढत असेल तर खाली ७५ लागतात, आणि २४ मिनिटांत खेळ खलास. शांत माणूस १५ लिटरवर असेल तर खाली ४५ लागतात, म्हणजे ४० मिनिटं. टाकी तीच, समुद्र तोच, फरक फक्त श्वासाचा.

आता दुसरं गणित. प्रत्येक श्वासातली साधारण १५० मिलिलिटर हवा नाकापासून श्वासनलिकेपर्यंतच अडकते, फुप्फुसाच्या कामाला येत नाही. मिनिटाला ५०० मिलिलिटरचे १२ श्वास घेतले तर ६ लिटरपैकी ४.२ लिटर कामी येते. एक लिटरचे ६ श्वास घेतले तर त्याच ६ लिटरपैकी ५.१ लिटर कामी येते. हवा तितकीच, उपयोग जास्त. शिवाय २० मीटरवर हवा तिप्पट घन असते. ती घाईने ओढली तर नळीतला रोध वाढतो आणि श्वास घेण्यातच दमछाक होते. म्हणून सावकाश घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा. योगातली लय इथे नेमकी उपयोगी पडते. ऑक्सिजन जास्त मिळतो म्हणून नव्हे, तर उधळपट्टी थांबते आणि मन घाबरत नाही म्हणून. स्वामींच्या प्रयोगांचा रोख याच दिशेचा होता.

बाकीची बचत श्वासाच्या बाहेरची आहे. वजनाचा पट्टा गरजेपुरताच, अंग आडवं, पायांची चाल संथ, हातांनी पाणी कापत बसायचं नाही. स्नायू जितके कमी राबतील तितकी हवा कमी लागेल.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. स्कूबात कुंभक नाही! हवा वाचवायला श्वास रोखून धरला, तर कार्बन डायऑक्साइड साठून डोकं ठणकतं आणि नंतर दुप्पट धाप लागते. आणि श्वास रोखून वर आलात तर त्याहून वाईट. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना बॉइलच्या नियमाने छातीतली हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुस फाटू शकतं. पहिल्या सेमिस्टरला घोकलेला नियम इथे जिवावर बेततो.

शेवटपर्यंत विद्यार्थी

लोणावळ्याचं काम वाढत गेलं. १९२७ साली गांधीजींनी आपल्या प्रकृतीसाठी स्वामींचा सल्ला घेतला, दोघांचा पत्रव्यवहार झाला. १९३२ साली मुंबईत केंद्र सुरू झालं आणि पुढे ते मरीन ड्राइव्हला गेलं. शाळांमधल्या शारीरिक शिक्षणात आसनं आणण्यासाठी त्यांनी मुंबई सरकारबरोबर काम केलं. शाळेच्या पीटीच्या तासाला आपण जे ताडासन-भुजंगासन केलं, त्याच्या मुळाशी त्यांचीही खटपट आहे. स्वातंत्र्यानंतर लोणावळ्याला योगाचं महाविद्यालय उभं राहिलं. आश्रम चालवायचा, पैसे उभे करायचे, आणि तरीही प्रयोगशाळा बंद पडू द्यायची नाही, अशी ही चाळीस वर्षांची ओढाताण होती.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी गेले. पण मोजायची सवय मागे राहिली. जमिनीखाली समाधी लावून बसणाऱ्या योग्यांच्या कथा आपण ऐकतो. लोणावळ्याच्या संशोधकांनी हवाबंद खड्डा करून त्यात माणसं बसवली, आतली हवा तपासत राहिले आणि १९६८ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. गुरू गेल्यावरही शिष्य आरतीवर थांबले नाहीत, याहून मोठी श्रद्धांजली कुठली?

मित्रांनो, आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक म्हणतं, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, तपासायची गरज नाही. दुसरं म्हणतं, ते सगळं थोतांड, तपासायची गरज नाही. दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे : तपासायचं नाही! कुवलयानंदांनी तपासलं. आवडत्या गोष्टीबद्दल नावडतं उत्तर आलं तेही छापलं, आणि तरीही ती गोष्ट सोडली नाही. उलट तिची खरी किंमत कुठे आहे ते शोधलं. व्हायवाच्या आदल्या रात्री रीडिंग जुळवणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून काय घ्यायचं, ते ज्याने त्याने ठरवावं.

पुढच्या वेळी वाडीला जाल तेव्हा घाटावर जरूर बसा. संगमाकडे बघत मिनिटाला पाच-सहा संथ श्वास घ्या, बरं वाटेल. पाण्यात उतरलात तर एकट्याने उतरू नका. आणि शेजारचा गडी बुडी मारण्याआधी धापा टाकायला लागला, तर त्याचा हात धरा आणि त्याला ही गोष्ट सांगा. पेढे थोडे उशिरा खाल्ले तरी चालतील.